आत्याकडची दरफाळणी

रविवार, २ ऑक्टोबर २०२२

निघताना आईने बॅगेत काय काय भरलं ते आधी सांगते. मलिद्यासाठी दोन किलो जाडे पोहे, काळ्या मनुका, वेलची, सुकं खोबरं, कोकमं, आणि सगळ्यात खाली एका जुन्या रुमालात बांधलेली बाबांची पांढरी टोपी, सणाच्या दिवशी सिनेगॉगमधे, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, घालायचे ती. पोहे आत्यासाठी आणि टोपी पण आत्यासाठीच.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, म्हणजे पूर्वी गावात ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते. घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या, त्यांची आम्ही लेकरं, ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक पोराने आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली असते. माझी एकुलती एक आत्या १९६४ साली विशीत असताना इस्राएलला गेली ती तिकडचीच झाली, दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटात दिमोना गाव आहे तिथे राहते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नवीन वर्षाला, तिचा फोन आला की यंदा दरफाळणीला ये गं, माझं एक काम आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही. मी त्याच आठवड्यात तिकीट काढलं, आधी विचार केला असता तर गेलेच नसते कदाचित.

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, आमच्यात दरफाळणीचा सण म्हणतात. दर म्हणजे दार. दारं लावून घ्यायचा दिवस. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, तिशा बेआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या उपासाला, बिरड्यांचा सण. कोकणातल्या गावांमधे आमच्या लोकांकडे पिढ्यानपिढ्या ना सिनेगॉग होतं ना तोरा हा धर्मग्रंथ होता, हिब्रूमधली जेमतेम शमाची प्रार्थना पाठ होती, पण वर्षातून एक दिवस सगळी दारं लावून पांढरे कपडे घालून उपाशी बसायचं हे मात्र कोणी विसरलं नाही. मला ह्या गोष्टीचा लहानपणापासून फार अभिमान वाटतो.

मुंबई, दुबई, तेल अवीव असा प्रवास. बेन गुरियन विमानतळावरून थेट जेरुसलेमची ट्रेन आहे, पंचवीस मिनिटांच्या आत पोचवते, आणि तिथलं स्टेशन जमिनीच्या ऐंशी मीटर खाली आहे, सरकत्या जिन्यावर उभं राहिलं की वरचं टोक दिसत नाही. आतेभावाची मुलगी जेरुसलेमला शिकते, ती घ्यायला आली होती. मराठी सगळं समजतं पण उत्तर हिब्रूत नाहीतर इंग्लिशमधे देते, मला दोदा म्हणते, म्हणजे आत्या. दुपारी तिच्या रूमवर पडले आणि रात्री अकराला तिने उठवलं की चल, सलिखोतला जायचंय.

सलिखोत म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. आमच्या सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, पद्धतीत रोश हशानाच्या आधीचा एलूल महिनाभर, पार योम किप्पूरपर्यंत म्हणतात. ठाण्याच्या शाआर हाशामायिममधे, १८७९ चं सिनेगॉग आहे आमचं, पहाटे अंधारात जायचं, बाबा मला झोपेतून उचलून न्यायचे आणि मी बाकावर त्यांच्या मांडीला डोकं टेकून परत झोपायचे. इथे जुन्या मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या पश्चिम भिंतीसमोर मध्यरात्री पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही गल्ल्यांमधून ढकलत ढकलत कशाबशा बायकांच्या बाजूला पोचलो, भिंत लांबच राहिली. सैनिक मुली बंदूक खांद्याला लावून पुस्तकातून वाचत होत्या, म्हाताऱ्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, कोणाच्या कडेवर झोपलेलं पोर. आणि मग सगळ्यांनी मिळून अदोन हास्लिखोत सुरू केलं. चाल आमच्यापेक्षा वेगळी होती पण शब्द तेच, एक एक अक्षर घेऊन देवाची नावं, आणि मधे मधे "आम्ही तुझ्यापुढे पाप केलं, आमच्यावर दया कर". एवढ्या हजारो गळ्यांमधे मला बाबांचाच घोगरा आवाज ऐकू यायला लागला. मी रडले ते कोणी बघितलं नाही, शेजारच्या दोघी तिघी पण रडतच होत्या.

सोमवार, ३ ऑक्टोबर

सकाळी माखने येहुदा बाजारात गेलो. डाळिंबं, खजूर, मासे, सगळं वर्षाच्या सुरुवातीचं. एका बाजूला कापारोत चालू होतं. म्हणजे कोंबडी डोक्याभोवती तीन वेळा फिरवायची, ही माझ्या बदल्यात असं म्हणायचं, मग ती कापून गरिबांना द्यायची. हल्ली खूप लोक कोंबडीऐवजी पैसे फिरवतात आणि दान करतात. मला तर पैशाचंच बरं वाटतं, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांकडे बघवेना.

दुपारची बस, आधी बेर शेवा आणि तिथून दिमोना. हिरवं संपत जातं, मग माती पिवळी होते, मग नुसते दगड, कुठेतरी बेदुईन लोकांच्या पत्र्याच्या झोपड्या आणि शेळ्या. त्या शेळ्या बघून मला लेवीय पुस्तकातला सोळावा अध्याय आठवला, योम किप्पूरला सकाळी तोच वाचतात. जेरुसलेमात मंदिर होतं तेव्हा ह्या दिवशी दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, एक देवासाठी आणि दुसरा अझाझेलसाठी. महायाजक दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवायचा आणि तो बकरा वाळवंटात नेऊन सोडायचे. ठाण्याच्या गॅलरीत बसून इतकी वर्षं ऐकलं, वाळवंट म्हणजे काय ते आज बसच्या खिडकीतून कळलं. कुठे लपायलाच जागा नाही.

दिमोना १९५५ चं गाव, आपल्या लोकांना सरकारने जिथे घरं दिली तिथे ते राहिले त्यातलं एक. बसस्टॉपपासून आत्याच्या घरापर्यंत चालताना दोन ठिकाणी फोडणीचा वास आला. तिसरा मजला, दारावर मझुझा म्हणजे तोराच्या ओळींची डबी, जिन्यात डब्यात लावलेला कढीपत्ता. दार उघडंच होतं आणि आत्या दारात खुर्ची टाकून बसलेली, किती वेळ बसली होती देव जाणे. "आलीस गो बाय." मी वाकून पाया पडले तर म्हणाली, "हे इथं नको, लोक बघतील," आणि मग स्वतःच धरून ठेवलं.

आता काय झालं होतं ते सांगायला पाहिजे. २००१ मधे आजी गेली. आजीच्या सोन्याच्या पाटल्या आत्याला द्यायच्या ठरल्या होत्या, आणि त्या सापडल्या नाहीत. आत्या फोनवर बाबांना म्हणाली, "आईचं सोनं विकून खाल्लंस, तू माझा भाऊ नाहीस." बाबांनी फोन ठेवला. त्यानंतर पंधरा वर्षं दोघं बोलले नाहीत, २०१६ मधे बाबा गेले, अलिबागला पुरलं त्यांना, त्यांचीच इच्छा होती. पाटल्या आजीच्या ऑपरेशनसाठी विकल्या होत्या, आजीनेच विकायला लावल्या आणि लेकीला सांगू नकोस म्हणाली, परदेशात जीवाला घोर लावून घेईल. बाबांनी शब्द पाळला. हे माझ्या आईने आत्याला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. आणि मी, बाबा गेल्यावर आत्याचे फोन यायचे तर उचलायचेच नाही, चार वर्षं नाही उचलले.

जेवताना तिने एकच विचारलं, "दादाच्या कबरीवर दगड कसला लावलाय?" मी म्हटलं काळा, नाव मराठीत आणि हिब्रूत. ती हो म्हणाली आणि ताटातला भात नुसता चिवडत राहिली.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आजचा दिवस घाईचा. सकाळी आत्याने रुमालात अठरा शेकेल बांधले, पहिल्यांदा माझ्या डोक्याभोवती तीनदा फिरवले, मग स्वतःच्या, आणि रुमाल तसाच दानपेटीसाठी बाजूला ठेवला. मग पुऱ्या करायला बसलो. आपल्या साध्या पुऱ्या नाहीत, उपास सोडायच्या पुऱ्या, आत रवा, खोबरं, साखर, वेलची, करंजीसारखी मुरड. आत्याची बोटं संधिवाताने वाकडी झालीत पण मुरड अशी पडते की साच्यातून काढल्यासारखी. एकीकडे मनुका भिजत घातल्या सरबतासाठी.

दहाच्या सुमारास ती मला घेऊन सिनेगॉगच्या हझानकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, गेली. ते पण आपल्याकडचेच, पेणचे, मराठीत बोलतात. तेव्हा मला काम काय ते कळलं.

योम किप्पूरचा नियम असा आहे, मिश्ना ह्या आमच्या जुन्या नियमांच्या ग्रंथात लिहिलेला, की माणसाने देवाविरुद्ध केलेलं पाप ह्या दिवशी धुतलं जातं, पण माणसाने माणसाविरुद्ध केलेलं पाप धुतलं जात नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढत नाही तोवर. दिवसभर उपाशी राहा, छाती पिटा, ते खातं तसंच उघडं राहतं. म्हणून तर आदल्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. आणि तो माणूस मेला असेल तर? त्याचाही रस्ता सांगितलाय. दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं, मी इस्राएलच्या देवाविरुद्ध आणि ह्या अमक्याविरुद्ध पाप केलं, आणि काय केलं ते पण बोलायचं. ते दहा जण तीनदा म्हणतात, "माखूल लाख." तुला माफ आहे. आत्याचे गुडघे गेलेत, साखर आहे, ती अलिबागला येऊ शकत नाही. तिला हझानकडून एवढंच विचारायचं होतं की कोणाला पाठवलं तर चालतं का. ते म्हणाले चालतं, कबर लांब असेल तर माणूस पाठवावा, त्याने दहा जणांना घेऊन जावं आणि मी अमक्या अमक्याच्या वतीने आलोय असं म्हणावं. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. त्यावर काय दुसरं म्हणणार होते.

हझानने दुसरी पण एक गोष्ट ठणकावून सांगितली, की उद्या दुपारपासून पाणी प्यायचं, डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि मी पण सांगतोय, जीव वाचवणं उपासाच्या वर आहे. त्याचं माप असतं. एका वेळेला तीसेक मिली, म्हणजे गालात मावेल त्याहून कमी, आणि दोन घोटांच्या मधे नऊ मिनिटं. आत्या खाली मान घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सत्तर वर्षांत माझी दरफाळणी कधी मोडली नाही." मी म्हटलं, "आत्या, ही पण दरफाळणीच, नियमानेच चाललीस की." तिला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं.

दुपारनंतर गाव आवरायला लागलं. विमानतळ बंद झाला, ह्या दिवशी देशात एकही विमान उतरत नाही की उडत नाही. बसेस थांबल्या, टीव्हीवरचे चॅनेल एक एक करून बंद झाले. आत्याने आंघोळीला आधी ऊन पाणी काढलं आणि मग गार, आधी कढत मग थंड हीच आमची जुनी कोकणची रीत, इथे तीन मजले चढून आलेल्या नळाच्या पाण्यावर पण तिने ती सोडली नाही. साडेचारला जेवलो, डाळ भात आणि चिकनचा पातळ रस्सा, तिखट कमी म्हणजे तहान लागत नाही. मग ती जिन्यात गेली आणि शेजारची मोरोक्कोवाली, खालची रशियन, सगळ्यांची दारं वाजवून हिब्रूत माफी मागून आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल पोरी." मी म्हटलं आधी मी बोलते. मी तिचे फोन उचलत नव्हते ते मुद्दामच, हे मी तिला तोंडाने सांगितलं. हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. ती म्हणाली, "मला म्हायत होतं गो," आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

मेणबत्त्या लावल्या. एक मोठी, चोवीस तास जळणारी, बाबांच्या नावाने. आत्याने टोपी तिच्याशेजारी ठेवली.

कोल निद्रेला, म्हणजे सण लागतानाच्या पहिल्या प्रार्थनेला, सिनेगॉग गच्च भरलेलं. सगळे पांढऱ्यात, पायात कापडी नाहीतर रबरी चपला, चामडं ह्या दिवशी चालत नाही. तोराचे सगळे ग्रंथ बाहेर काढले, चांदीच्या घंट्या किणकिणल्या, आणि हझानने तीनदा कोल निद्रे म्हटलं. हे काही प्रार्थना म्हणून लिहिलेलं नाही खरं तर, आरामाईक भाषेतलं करारपत्रासारखं आहे, देवाला दिलेले आणि पाळता न आलेले शब्द सोडवून घ्यायचं. पण ऐकताना अंगावर काटा येतो. आणि चाल आमची होती. ठाण्याची, अलिबागची, तीच हेल काढायची पद्धत, तेच मराठी वळणाचं हिब्रू. समुद्र ओलांडून साठ वर्षं झाली तरी चाल तशीच ठेवली ह्या लोकांनी, नातवंडं पण तीच चाल म्हणतायत.

परत येताना रस्ता बघून मी थांबलेच. गाडी एकही नाही. सगळं गाव रस्त्याच्या मधोमध चालतंय, पोरं सायकलींवर, स्केट्सवर, हमरस्त्याच्या चौकात गोल गोल फिरतायत, सिग्नल लाल हिरवा होतोय आणि त्याच्यापुढे थांबायला कोणी नाही. गाडी चालवू नका असा कायदा नाही इथे, कोणी चालवतच नाही. आवाज फक्त माणसांचा आणि सायकलच्या चेनचा.

बुधवार, ५ ऑक्टोबर

सकाळी आठ ते एक सिनेगॉगमधे. शाखारित म्हणजे सकाळची प्रार्थना, मग तोराचं वाचन, मग मुसाफ म्हणजे सणाची जादा प्रार्थना. पापांची यादी म्हणताना प्रत्येक शब्दाला मूठ छातीवर हलकेच आपटायची, आणि ती यादी "मी" अशी नाही, "आम्ही" अशी आहे, आम्ही फसवलं, आम्ही खोटं बोललो, आम्ही आरोप केले. आरोपाच्या शब्दाला आत्याची मूठ थांबली आणि मग जरा जोरात पडली. मुसाफमधे महायाजकाच्या सेवेचं वर्णन येतं तेव्हा खाली पुरुषांनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

एक वाजता आत्याला चक्कर आल्यासारखं झालं तशी मी तिला घरी आणलं. आता पाणी. हझानने सांगितलं होतं तसं आत्याने औषधाच्या बाटलीचं पारदर्शक झाकण कालच धुऊन ठेवलं होतं, त्याच्यावर तीसची रेघ. मी भरलं, डोळ्यांसमोर धरून रेघेशी जुळवलं. तिने झाकण हातात घेतलं आणि बघत राहिली, ओठाला लावेना. मग बराखा म्हणजे पाण्यावरचा आशीर्वाद म्हटली, प्यायली, आणि रडली, आवाज न करता, नुसते डोळे वाहत होते. मी भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं मोजायला लागले. एक वाजून वीस. एक एकोणतीस. एक अडतीस. चौथ्या पाचव्या झाकणानंतर तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

दोनला दोनेक मिनिटं होती तेव्हा ती खिडकीकडे बघून म्हणाली, "ह्याच टायमाला भोंगा झालेला."

१९७३. शनिवार, ६ ऑक्टोबर, योम किप्पूर. आत्या एकोणतीस वर्षांची, दोन पोरं, एक अंगावर पिणारं. असंच रिकामं गाव, रेडिओ बंद. दुपारी दोनच्या सुमाराला भोंगे वाजले. तिला आधी वाटलं बिघाड झाला. मग गॅलरीतून बघितलं तर रस्त्यावर मिलिटरीची गाडी, योम किप्पूरला गाडी बघूनच पोटात गोळा आला म्हणाली. इजिप्त आणि सीरियाने दोन्हीकडून एकदम हल्ला केला होता. सिनेगॉगमधे माणसं येऊन नावं वाचायला लागली, ज्याचं नाव येईल तो सिसिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, घडी करून बाकावर ठेवून बाहेर. माझे आतोबा पांढऱ्या कपड्यातच घरी आले, बूट घातले, आत्याने त्यांना पाणी दिलं, ते म्हणाले संध्याकाळ व्हायचीय. "मी म्हटलं जीव राहिला तर उपास, पी तू. आणि प्याले." एवढं बोलून ती गप्प झाली, मी घड्याळ बघितलं, नऊच्या वर दोन मिनिटं होऊन गेली होती. झाकण भरलं. ह्या वेळेला तिने पटकन घेतलं, स्वतःच. पाच महिन्यांनी आतोबा परत आले. सिसिथ हझानच्या बायकोने धुऊन ठेवला होता.

साडेचारला परत गेलो. मिनखा म्हणजे दुपारच्या प्रार्थनेत योनाचं पुस्तक वाचतात. योना देवापासून पळायला याफोच्या बंदरातून गलबतात बसतो, वादळ येतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात. मला दर वर्षी ह्या जागी नवगाव दिसतं, ते फुटलेलं गलबत, किनाऱ्यावर आलेले चौदा जण आणि न आलेले बाकीचे, ज्यांना तिथेच पुरलं म्हणतात. आणि पुस्तकाचा शेवट मला फार आवडतो, निनवेच्या लोकांनी उपास केला म्हणून देव गाव नष्ट करत नाही आणि योना रुसून बसतो, तेव्हा देव त्याला म्हणतो एवढी माणसं आणि एवढी गुरंढोरं, त्यांची मला दया येऊ नये का. गुरंढोरं सुद्धा मोजली आहेत.

मग नेइला. शेवटची प्रार्थना. नेइला म्हणजे बंद करणं, स्वर्गाची दारं बंद व्हायची वेळ. दरफाळणी ह्या शब्दाकडे मी आजवर घराची दारं लावणे एवढंच बघत होते. तिथे उभी असताना वाटलं की कोकणातल्या आमच्या म्हाताऱ्यांना नेइला हा शब्द विसरायला झाला असेल पण त्याचा अर्थ त्यांनी मराठीत धरून ठेवला. माझं असं मत आहे, आणि ते मला सोडवत नाही. एल नोरा अलिला हे गाणं सुरू झालं तसं खालून वरून सगळे मिळून गायला लागले, दिवसभर थकून बसलेले म्हातारे उभे राहिले. खिडकीतला उजेड गेला. सात वेळा "परमेश्वर हाच देव". मग शोफार, मेंढ्याच्या शिंगाचं, एकच लांब फुंक, हझानच्या गालाच्या शिरा फुगलेल्या आणि तो आवाज काही संपेना, आत्याने माझं मनगट धरलं होतं ते शोफार थांबेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर अंगणात चंद्राचा आशीर्वाद म्हटला. दशमीचा चंद्र, अर्ध्याहून मोठा. घरी येऊन मनुकांचं सरबत आणि पुऱ्या. मी पुरीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि फोन चालू केला तर ठाण्याच्या शेजारच्या काकूंचा आपट्याच्या पानांचा फोटो, सोनं घ्या सोन्यासारखं राहा. आमच्या तिश्री महिन्याची दशमी आणि अश्विनाची दशमी ह्या वर्षी एकाच दिवशी, आज तिकडे दसरा होता. आत्याला दाखवला, ती बराच वेळ ते पान मोठं करून बघत होती. अलिबागला शेजारच्या घरातून त्यांना पण सोनं यायचं म्हणाली, पण ज्या वर्षी दरफाळणीलाच दसरा पडला त्या वर्षी शेजारीण दारावर टकटक न करता पानं उंबऱ्यावर ठेवून गेली होती, दार बंद आहे म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

खालून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला, उपास सुटताच सुक्कोच्या, म्हणजे पुढच्या सणाच्या, मांडवाचा पहिला खिळा मारायची रीत आहे. तशातच झोप लागली.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

शिळा सण. जुन्या लोकांची समजूत अशी की दरफाळणीच्या दिवशी पूर्वज घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, म्हणून आज दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. आत्याने उरलेल्या पुऱ्या सहा पुड्यात बांधल्या आणि मला जिन्यात वाटायला लावल्या. रुमालातले शेकेल सिनेगॉगच्या पेटीत टाकून आलो. मलिदा केला, पोहे भिजवून, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतलं.

मग तिने वही घेतली. काल सणामुळे लिहिता येत नव्हतं. मराठीतच लिहिलं, तिचं अक्षर शाळेतलं, उभं, शिरोरेघ आधी मारायची आणि मग अक्षरं लटकवायची. दोन ओळी. वाचून दाखवलं नाही, म्हणाली तिथंच वाच, दहा जणांसमोर, मोठ्यांदी. टोपी मी ठेव म्हटलं, तिने हातात घेतली, वास घेतला आणि ठेवून घेतली.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

पहाटे आतेभावाने विमानतळावर सोडलं. आता दुबईत पाच तास आहेत. तिश्रीचे सगळे सण होऊ देत, सिमखात तोरा झालं, दिवाळी झाली, की बाबांच्या कबरीवर जायला ३० ऑक्टोबरचा रविवार धरलाय. अलिबागला इस्राएल आळीत आता मोजकीच घरं राहिलीत, तिथले तीन पुरुष होतील, त्यातले एक ऐंशीच्या पुढचे आहेत पण म्हणाले मला रिक्षाने घेऊन जा, तुझ्या बापाबरोबर शाळेत होतो. पनवेलचे मामा आणि त्यांचा मुलगा, पाच. ठाण्याहून तिघं हो म्हणाले, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडी घालून येतील. आठ झाले. पुण्याच्या मावसभावाला आता फोन लावतेय, तो आणि त्याचा मेव्हणा आले तर दहा.